नाशिकची थंडी आणि दुचाकीवरचे पाय

७ जानेवारी १९४५. त्या पहाटे नाशिकचा पारा ०.६ अंश सेल्सिअसवर उतरला. शहराच्या हवामानाच्या नोंदींत याहून थंड पहाट सापडत नाही. दुसरं महायुद्ध अजून चालू होतं आणि शेजारच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटींची वाट पाहत गोरे सैनिक थांबलेले असत. बीबीसीवर १९७४ साली सुरू झालेल्या ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या विनोदी मालिकेचं कथानक याच देवळालीत, याच १९४५ सालात सुरू होतं आणि तिच्या नावातच उकाड्याची तक्रार आहे. इंग्लंडमधल्या प्रेक्षकांना देवळाली भेटली ती अशी, घामाच्या धारांसकट. प्रत्यक्षात त्या वर्षाची सुरुवात नाशिककरांनी दातावर दात आपटत केली होती.

ब्रिटिश फौजेचे निरोप पोचवणारे जवान त्या काळी नॉर्टन, बीएसए, मॅचलेस अशा मोटरसायकलींवर फिरत. अंगात लांब कोट, हातात चामडी मोजे, पायांत जाड लोकरी मोज्यांवर चढवलेले उंच चामडी बूट. त्याच सुमारास नाशिकच्या बाजाराला निघालेल्या शेतकऱ्याच्या डोक्यावरून घोंगडीची खोळ असे, कानाला मुंडाशाचा वेढा असे आणि पायांत वहाणा, नाहीतर त्याही नाहीत.

नाशिकमध्ये दुचाकीवर बसलेल्या माणसाचे पाय थंडीत कसे शाबूत राहिले, याचा इतिहास या दोन चित्रांच्या मधल्या अंतरात आहे. तो चपलाबुटांच्या दुकानांत कमी आणि गाड्यांच्या कारखान्यांत जास्त घडला. पुढे काही वर्षं नाशिककराच्या पायांना ऊब मिळाली, ती त्याने मागितली म्हणून नव्हे, तर गाडीच्या आकाराने दिली म्हणून. आणि आकार बदलला तशी ती निघूनही गेली.

आधी इथल्या थंडीचा स्वभाव समजून घ्यायला हवा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. उत्तर भारतात पश्चिमी झंझावात येऊन गेला, की मागोमाग कोरडे, गार वारे महाराष्ट्राच्या या टोकाला आधी पोचतात. आभाळ निरभ्र असतं, हवेत ओलावा कमी असतो, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर उष्णता सोडून देते आणि गार, जड हवा नदीकाठच्या सखल भागांत साचून राहते. गोदावरी आणि कादवेच्या काठचा निफाड तालुका म्हणूनच नाशिक शहरापेक्षाही गारठतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा दर हिवाळ्यात मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो तो याचमुळे. डिसेंबर २०१८ आणि जानेवारी २०२०, दोन्ही वेळी तिथला पारा ३ अंशांच्या खाली गेला होता.

पण ही थंडी दिवसभराची नसते. पहाटे सहाला ७ अंश, आणि दुपारी दोनला २७-२८. एकाच दिवसात वीस अंशांचा फरक. सकाळी लोकरी मोजे आणि बंद बूट चढवून निघालेला माणूस दुपारी त्याच बुटांत घामाघूम होतो. शिवाय कडाक्याच्या पहाटा वर्षातून मोजक्याच. मनालीत किंवा श्रीनगरात थंडीच्या पादत्राणांची परंपरा तयार झाली, तशी नाशिकला झाली नाही, याचं मुख्य कारण हेच. वर्षातल्या वीस-पंचवीस सकाळींसाठी वेगळे बूट घेणं कुणालाही उधळपट्टी वाटणार.

त्यात मराठी माणसाची थंडीबद्दलची समजूतही वेगळी. आपल्याकडे थंडी कानातून शिरते. कानाला वारं लागू नये म्हणून कानटोपी, मफलर, उपरणं, स्कार्फ. मूल बाहेर निघालं की आजी आधी त्याचे कान झाकते. छातीला स्वेटर. पायांची आठवण होते ती घरी आल्यावर. टाचांच्या भेगांत वितळवलेलं कोकमाचं तेल भरायचं, तळपायाला काशाच्या वाटीने तूप चोळायचं, शेकोटीपुढे पाय लांब करायचे. हे सगळे उपाय पाय गारठल्यानंतरचे आहेत. पाय गारठू नयेत म्हणून आधीच करायच्या तजविजीला मराठी घरात फारशी जागा नव्हती. पायी चालणाऱ्या माणसाला तिची गरजही नव्हती. चालताना पाय आपोआप गरम राहतात. सायकलवाल्याचंही तेच. पायडल मारताना पिंढऱ्या आणि पावलं सतत हलती राहतात, स्नायू उष्णता तयार करतात.

मोटरसायकलने नेमकी हीच सोय काढून घेतली. वारा सायकलीच्या तिप्पट-चौपट आणि पाय मात्र फूटरेस्टवर निश्चल. शरीराला थंडी जाणवली, की ते हृदय, फुप्फुसं, मेंदू यांच्यासाठी रक्त राखून ठेवतं आणि हातापायांच्या टोकांकडच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेतं. पायाची बोटं हृदयापासून सगळ्यात लांब, आकाराने बारीक, मांसल भाग कमी. आधी मुंग्या येतात, मग दुखतं, मग काहीच कळेनासं होतं. धोका या शेवटच्या टप्प्यात आहे. आजच्या गाड्यांवर मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबतात आणि गिअर डाव्या पायाने टाकतात. बधिर पावलाला ब्रेकचं पॅडल किती दाबलं गेलं, हे उमगत नाही.

वाऱ्याने थंडी किती वाढते, याचा पद्धतशीर अभ्यास पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकी संशोधकांनी १९४१ साली अंटार्क्टिकावर केला. प्लॅस्टिकच्या नळकांड्यातलं पाणी वेगवेगळ्या वाऱ्यांत किती वेळात गोठतं, हे त्यांनी मोजलं. अमेरिका आणि कॅनडा २००१ पासून वापरत असलेलं सुधारित सूत्र नाशिकला लावून पाहिलं, तर पारा ८ अंशांवर असताना ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला ती थंडी ३ अंशांसारखी भासते. निफाडजवळ ५ अंशांत ताशी ६० ने निघालं, तर हिशोब शून्याच्या दोन अंश खाली जातो. हे सूत्र उघड्या चेहऱ्यासाठी केलेलं आहे हे खरं. पण रबरी चपलेतला पाय चेहऱ्याइतकाच उघडा असतो.

युद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या मोटरसायकली लिलावात निघाल्या आणि देशभर नागरी हातांत गेल्या. त्यानंतर देशी कारखाने आले. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडियाची स्थापना होऊन बुलेट तिथे तयार होऊ लागली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरच्या आयडियल जावाने जावा आणि फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने पोलंडच्या गाडीवर बेतलेली राजदूत बाजारात आणली. या गाड्यांना पुढे कसलाही आडोसा नव्हता. वारा थेट नडगीवर यायचा. ऊब द्यायला होतं ते फक्त इंजिन. हवेने थंड होणारं इंजिन आपली उष्णता भोवतालच्या हवेत सोडत राहतं आणि त्यातली थोडी मागे ठेवलेल्या पायांपर्यंत येते. जावा आणि पुढे १९७३ पासून आलेली येझदी या बाबतीत जास्त उदार होती, कारण एकाच सिलिंडरमधून दोन नळ्या निघून दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर जात असे.

गाडीच्या उष्णतेचा पायांसाठी विचार जगात इतरत्र झाला होता. बीएमडब्ल्यूच्या १९२३ च्या आर-३२ या गाडीत दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे बाहेर आलेले होते. ती रचना इंजिन नीट थंड व्हावं म्हणून होती, पण ते सिलिंडर नेमके पायांच्या पुढे येत. वारा अडायचा आणि ऊबही मिळायची. पुढे रशियाच्या आघाडीवर जर्मन सैन्य थंडीने गोठू लागलं, तेव्हा बीएमडब्ल्यू आर-७५ या साइडकारच्या गाडीवर एक्झॉस्टची गरम हवा चालकाच्या हातापायांपर्यंत नेणाऱ्या नळ्या बसवण्यात आल्या. इंग्लंडमध्ये १९४८ च्या व्हेलोसेट एलई या गाडीला कारखान्यातूनच नडग्यांपुढे पत्र्याची ढाल असे. तिथल्या पोलिसांनी ती गस्तीसाठी पसंत केली. नाशिकच्या रस्त्यांवर आलेल्या गाड्यांत असलं काही नव्हतं. उष्ण देशासाठी तयार होणाऱ्या गाडीत पायांच्या थंडीचा विचार कोण करणार?

मग स्कूटर आली.

इटलीत पियाज्जिओ कंपनीसाठी व्हेस्पा घडवणारा कोर्रादिनो द'आस्कानिओ हा मुळात विमानांचा अभियंता. त्याला मोटरसायकल आवडत नसे; ती अवजड वाटायची, कपडे खराब करायची. १९४६ साली पेटंट झालेल्या त्याच्या गाडीत इंजिन सीटखाली गेलं, पाय ठेवायला सपाट फळी आली आणि पुढे पायांना पूर्ण झाकणारा पत्र्याचा पडदा आला. चिखल आणि तेल उडू नये, झगा घातलेल्या बाईलाही बसता यावं, हा त्यामागचा हेतू. थंडीचा विचार दुय्यम असेलही, पण परिणाम मोठा होता. पत्र्याच्या त्या पडद्यामागे हवा जवळजवळ स्थिर राहते. इंजिनाची ऊब पायांना मिळत नाही, पण वाराही लागत नाही, आणि नाशिकच्या थंडीत वारा हाच खरा शत्रू आहे.

बजाजने १९६० मध्ये आकुर्डीत कारखाना काढला, १९७२ मध्ये चेतक आली, साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया १९७५ पासून धावू लागली. हीच वर्षं नाशिकच्या औद्योगिक वाढीची. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि सातपूर, पुढे अंबड इथे कारखाने उभे राहिले. ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना आला. नाशिकरोडला नोटांचा आणि मुद्रांकांचा छापखाना तर १९२० च्या दशकापासून होताच. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी हे शब्द नाशिकच्या घराघरांत रुळले. पहिल्या पाळीसाठी भल्या पहाटे घर सोडणारा आणि रात्रपाळी संपवून सकाळी परतणारा कामगार ही थंडीतल्या दुचाकीस्वारांची शहरातली पहिली मोठी फळी.

स्कूटरसाठी त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. लग्न ठरवताना मुलाकडे स्कूटर आहे का, हे विचारलं जाई. ती मिळाली, की तिच्या पत्र्याआड चालकाचे दोन पाय, पुढे फळीवर उभं केलेलं लहान मूल आणि भाजीची पिशवी एवढं सगळं वाऱ्यापासून सुरक्षित राहत असे. कारखान्यात मिळालेले सेफ्टी शूज पायांत असले, तर काही पाहायलाच नको. एका अर्थाने हा नाशिकच्या गारठलेल्या पावलांचा सुवर्णकाळ होता, आणि त्याचं श्रेय एका इटालियन अभियंत्याच्या टापटिपीला द्यावं लागतं.

मागे बसणाऱ्या बाईच्या वाट्याला मात्र हे सुख अर्धंच आलं. साडी नेसून एका अंगाला बसायचं, दोन्ही पाय डाव्या बाजूला, पुढच्या पत्र्याच्या आडोशाबाहेर. घोट्यापर्यंत साडी वाऱ्याने फडफडणारी आणि पायांत चप्पल. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाने मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाला निदान अर्धं झाकणारं जाळीचं संरक्षण सक्तीचं केलं. साडी गार्ड म्हणून ओळखली जाणारी ती जाळी आजही प्रत्येक मोटरसायकलीवर दिसते आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पदराचा विचार कायद्याने केला. त्याच्याखालच्या पावलांचा कुणीच केला नाही. तो बायकांनी स्वतःच केला. अंगठा वेगळा असलेले, चपलेत घालता येतील असे मोजे नाशिक-पुण्याच्या मुलींच्या पायांत थंडीत सर्रास दिसू लागले. मराठी शहरांनी थंडीतल्या दुचाकीसाठी जवळ केलेल्या मोजक्या वस्तूंत त्यांचा नंबर वरचा लागेल.

१९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी-१०० आली. चार स्ट्रोकचं इंजिन, पेट्रोल अगदी कमी. पुढे १९९४ ची स्प्लेंडर, आणि १९९० चं दशक संपता संपता देशात मोटरसायकलींचा खप स्कूटरच्या पुढे गेला. नाशिक जिल्ह्यात द्राक्ष, कांदा आणि टोमॅटोच्या पैशाने गावोगाव मोटरसायकली आल्या त्या याच काळात. खड्ड्यांच्या रस्त्यावर मोठी चाकं बरी, मायलेज चांगलं, मागे दोन माणसं किंवा खताची गोणी बसते. निवड अगदी रास्त होती. पण या निवडीबरोबर पायांपुढचा पत्रा गेला. कमी पेट्रोल जाळणारं इंजिन उष्णताही कमी वाया घालवतं, म्हणजे राजदूत-येझदीची ऊबही गेली. जास्त माणसं, जास्त वेगाने, जास्त लांबवर, आणि पाय पूर्वीपेक्षा उघडे. नाशिकच्या गारठलेल्या पायांची आजची गोष्ट इथून सुरू होते. बजाजने २००९ च्या अखेरीस स्कूटर बंद करत असल्याचं जाहीर केलं. शहरात २००१ च्या होंडा ॲक्टिव्हाने आडोशाची सोय पुन्हा आणून दिली, पण खेडं मोटरसायकलीवरच राहिलं.

खेड्यातल्या पहाटेच्या स्वारांत सगळ्यात जुना दूधवाला. रतीब घालायचा म्हणजे उजाडायच्या आत शहरात पोचायला हवं. आधी सायकल, मग राजदूत, मग बजाजची एम-८०. दोन्ही बाजूंना कॅन अडकवलेले. धारा काढताना, कॅन विसळताना पाय ओले झालेले असतात आणि तसाच तो चपला सरकवून किक मारतो. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेतं. ओला पाय आणि समोरून वारा, याहून वाईट जोडी नाही. डोक्याला मफलर, अंगात दोन स्वेटर असा बंदोबस्त केलेला हा माणूस गुडघ्याखाली जवळजवळ उघडाच असतो.

त्याहूनही बिकट अवस्था रात्री पाणी भरायला जाणाऱ्या शेतकऱ्याची. शेतीपंपांना वीज पाळीने मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीची पाळी आली, की मध्यरात्री उठून मोटरसायकलीवर शेत गाठायचं, पंप चालू करायचा आणि गव्हाला, कांद्याला पाणी फिरवत वाफ्यांत अनवाणी उभं राहायचं. द्राक्षवाल्याची तर आणखी कोंडी. पारा फार उतरला, की द्राक्षमण्यांना तडे जातात, वेलीची वाढ थांबते. म्हणून नेमक्या सगळ्यात थंड पहाटे बागेला पाणी सोडायचं आणि बांधावर शेकोट्या पेटवून धूर करायचा. शहरातला माणूस ज्या रात्री दुलईतून पाय बाहेर काढत नाही, त्याच रात्री निफाड-दिंडोरीचा बागायतदार चिखलाने भिजलेल्या पायांनी गाडीला किक मारत असतो. वर अंधार आणि बिबट्याची धास्ती. महाराष्ट्राने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली, तिचा उद्देश शेतीला दिवसा वीज देणं हाच आहे. तिच्याकडे फक्त विजेच्या हिशोबातून पाहणं अपुरं आहे. रात्रीची एक खेप वाचली, तर एका माणसाचे पाय, झोप आणि कधीकधी जीवही वाचतो.

अशा परिस्थितीत लोकांनी आपापले उपाय शोधले, आणि त्यांतले काही खरोखर हुशारीचे आहेत. वर्तमानपत्र हा त्यातला सर्वात स्वस्त. घरी आलेल्या ‘गावकरी’ किंवा ‘देशदूत’च्या जुन्या अंकाची घडी स्वेटरच्या आत छातीशी ठेवायची, ही युक्ती घाटातून गाडी हाकणाऱ्या कित्येकांना ठाऊक आहे. तोच कागद मोज्यांवरून पावलाभोवती गुंडाळून बूट चढवला, तरी काम करतो. थरांमध्ये हवा अडकते आणि वारा आत येत नाही. प्लॅस्टिकची पिशवी मोज्यावर चढवली, तर वारा पूर्ण थांबतो, पण घाम आतच राहतो आणि तासाभराने तोच मोजा ओला होऊन पाय गारठवतो. छोट्या अंतराला ठीक, लांबच्या प्रवासाला नाही.

दोन जोड मोजे एकावर एक घालणं हा सगळ्यात लोकप्रिय उपाय बरेचदा उलटतो. बूट तेवढाच राहतो, आत मोजे दाबले जातात, त्यांच्यातली हवा निघून जाते आणि रक्ताचा पुरवठाही आवळला जातो. ऊब लोकरीत नसते, लोकरीने धरून ठेवलेल्या हवेत असते. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. थंडीच्या बुटाचं माप नेहमीपेक्षा थोडं सैल असावं, हा नियम हिमालयातल्या जवानाला लागू आहे तसा सिन्नरहून अंबडला येणाऱ्या कामगारालाही.

इंजिनाला किंवा सायलेन्सरला पाय टेकवून शेकण्याची सवय मात्र मोडायलाच हवी. रबरी चपलेचा तळ सायलेन्सरला चिकटून वितळतो, पिंढरीवर भाजल्याचे डाग राहतात. मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना तर भाजल्याचं कळतही नाही आणि तिथून जखम चिघळत जाते.

पंजाब-हरियाणात मोटरसायकलीच्या लेगगार्डला रेक्झिनचा पडदा बांधण्याची पद्धत आहे. हँडलच्या मुठींना कापसाच्या पिशव्या आणि पायांपुढे हा पडदा, असा जामानिमा तिथे डिसेंबर लागताच दिसतो. व्हेस्पाच्या पत्र्याचं काम तो काही रुपयांत करतो. नाशिक जिल्ह्यात लेगगार्ड घराघरांतल्या गाड्यांना आहेत, सीट कव्हर शिवणारे कारागीर तालुक्याच्या प्रत्येक गावी आहेत, रेक्झिनही आहे. तरी तो पडदा इथे रुजला नाही. थंडी थोड्या दिवसांची, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण दोन बंदांनी बांधायचा आणि फेब्रुवारीत सोडून ठेवायचा तुकडा शिवून घेणं काही अवघड काम नाही.

लोकरीच्या मोज्यांसाठी नाशिककराचं पाऊल वळतं ते शरणपूर रोडवरच्या तिबेटियन मार्केटकडे. १९५९ नंतर तिबेटमधून परागंदा झालेल्या समाजाने भारतभर हिवाळ्यात गरम कपडे विकण्याचा व्यवसाय उभा केला, त्यातलंच हे एक केंद्र. या परिसराला निर्वासितांचा इतिहास जुना आहे. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरची वसाहत वसवली. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत लंडनपर्यंत गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीला हजर होता. आज त्याच शरणपूरच्या रस्त्यावर दुसऱ्या एका निर्वासित समाजाची माणसं नाशिकला हातमोजे, कानटोप्या आणि पायमोजे पुरवतात. बहुतेक नाशिककरांची लोकरीशी असलेली ओळख याच बाजारातली आहे.

कायद्याचं लक्ष अजून डोक्यापुरतंच आहे, आणि डोक्याला पहिला मान मिळणं योग्यही आहे. नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून पोलिसांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही अशी मोहीम राबवली, तेव्हा तिची चर्चा राज्यभर झाली. पायांबाबत मात्र उलटीच गोष्ट घडली. सप्टेंबर २०१९ मध्ये वाढीव दंडाची धास्ती पसरली असताना केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाला जाहीर खुलासा करावा लागला, की चप्पल घालून गाडी चालवल्याबद्दल दंडाची तरतूद नाही. दंड नसणं बरोबर आहे. गरिबाच्या पायातली चप्पल हा गुन्हा ठरू नये. पण दंड नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ त्यातून काढला गेला, हे वाईट झालं.

श्रीमंत देशांत तंत्र पुढे गेलं आहे. बीएमडब्ल्यूने १९८१ पासून गरम होणाऱ्या मुठी दिल्या, होंडाच्या गोल्डविंगवर इंजिनाची गरम हवा पायांवर सोडायची सोय आली, बॅटरीवर गरम होणारे, बुटात घालायचे तळ आता ऑनलाइन मिळतात. इकडे चेतक २०२० मध्ये विजेवर धावत परतली. इंजिन गेलं, तरी पायांपुढचा पत्रा तिने राखला आहे. पण थंडीत सगळ्यात जास्त वेळ गाडीवर काढणाऱ्या माणसांच्या हाती यातलं काही नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोडवर रात्री अकरानंतर जेवणाची पार्सलं पोचवणारी मुलं सँडल घालून फिरताना दिसतात. त्यांना कंपनीचा टी-शर्ट मिळतो, पाठीवरची पेटी मिळते. पायांत काय असावं, हे ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं असतं.

म्हणून मागणी साधी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर कामगारांना रेनकोट देणाऱ्या मालकांनी, दूध डेअऱ्यांनी, कुरिअर आणि खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या कंपन्यांनी दिवाळीच्या सुमारास प्रत्येक दुचाकीस्वाराला एक जोड सैल मापाचे बंद बूट आणि दोन जोड लोकरी मोजे द्यावेत. तालुक्याच्या गावच्या सीट कव्हरवाल्यांनी लेगगार्डचे पडदे शिवून टांगून ठेवावेत. समोर दिसले की लोक घेतील. आणि निफाड, दिंडोरी, सिन्नर, चांदवडच्या शेतकऱ्याला डिसेंबर-जानेवारीत तरी पंपाची वीज दिवसाच मिळावी.